बँक्सिया एरिसिफोलिया

बँक्सिया एरिसिफोलिया हे प्रोटिएसी कुलातील एक सदाहरित, काष्ठमय झुडूप असून ते मूळचे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पूर्व भागातील आहे. हीथ बँक्सिया, हीथ-लीव्हड बँक्सिया आणि लँटर्न बँक्सिया ही त्याची इंग्रजीतील प्रचलित नावे होत. सुईसारखी बारीक पाने, पेटत्या मशालीसारखे उभे राहणारे नारिंगी-लाल फुलोरे आणि त्यांतून स्रवणारा विपुल मकरंद यांमुळे हे झुडूप दुरूनही ओळखू येते. हा मकरंद पक्ष्यांचे व लहान सस्तन प्राण्यांचे हिवाळ्यातील अन्न आहे आणि माणसांनीही तो दीर्घकाळ खाद्य म्हणून वापरला आहे. वणव्यात हे झुडूप मरते आणि वणव्यानंतरच त्याची पुढची पिढी मोठ्या प्रमाणावर उगवते. एखाद्या ठिकाणी ही जाती टिकून राहील की नाहीशी होईल, हे तेथील दोन वणव्यांमध्ये किती वर्षे गेली यावर अवलंबून असते.

नाव आणि शोध

कॅप्टन जेम्स कुक याचे ‘एंडेव्हर’ हे जहाज एप्रिल १७७० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका उपसागरात आले. जहाजावर जोझेफ बँक्स हा धनिक निसर्गवैज्ञानिक आणि कार्ल लिनीअसचा शिष्य डॅनिएल सोलँडर हे दोघे होते. युरोपीय शास्त्राला अपरिचित अशा इतक्या वनस्पती त्यांना तेथे सापडल्या की पुढे त्या उपसागराचे नावच बॉटनी बे, म्हणजे ‘वनस्पतींचा उपसागर’, असे पडले. या जातीचे पहिले शास्त्रीय नमुने त्याच मुक्कामात गोळा करण्यात आले. तो किनारा निर्मनुष्य नव्हता. ग्वीगल या आदिवासी गटाचे लोक तेथे राहत होते, आणि ज्यांना शोधक ‘नव्या’ म्हणत होते त्या वनस्पतींचा ते पिढ्यान्‌पिढ्या वापर करत आले होते.

औपचारिक वर्णन प्रसिद्ध होण्यास आणखी बारा वर्षे लागली. १७८२ साली कार्ल लिनीअसच्या मुलाने, धाकट्या कार्ल लिनीअसने, ‘सप्लिमेंटम प्लांटारम’ या ग्रंथात बँक्सच्या सन्मानार्थ बँक्सिया ही प्रजाती स्थापन केली आणि तिच्या चार जातींचे वर्णन दिले. बँक्सिया एरिसिफोलिया ही त्यांपैकी एक. बँक्सिया सेराटा, बँक्सिया इंटेग्रिफोलिया आणि बँक्सिया डेंटाटा या उरलेल्या तीन. ‘एरिसिफोलिया’ या लॅटिन विशेषणाचा अर्थ ‘एरिकासारखी पाने असलेली’ असा आहे. एरिका ही युरोप व आफ्रिकेतील हीथ नावाने ओळखली जाणारी झुडपे होत. साम्य केवळ पानांपुरते आहे. दोन्ही वनस्पतींची कुले वेगळी आहेत.

वर्गीकरण

बँक्सिया प्रजातीत सध्या सुमारे १७० जाती मानल्या जातात. पूर्वी स्वतंत्र समजली जाणारी ड्रायांड्रा ही प्रजाती २००७ मध्ये तिच्यात समाविष्ट करण्यात आल्याने हा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. बँक्सिया डेंटाटा न्यू गिनीपर्यंत आढळते. बाकी सर्व जाती फक्त ऑस्ट्रेलियात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य त्या खंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एकवटल्या आहेत. पूर्वेकडील मोजक्या जातींमध्ये बँक्सिया एरिसिफोलियाची गणना होते. तिच्या दोन उपजाती आहेत: सिडनी व ब्लू माउंटन्स परिसरातील ‘एरिसिफोलिया’ आणि राज्याच्या उत्तर किनारपट्टीवरील ‘मॅक्रांथा’. दुसरीला ऑस्ट्रेलियन वनस्पतिवैज्ञानिक अ‍ॅलेक्स जॉर्ज यांनी १९९६ मध्ये उपजातीचा दर्जा दिला. ‘मॅक्रांथा’ म्हणजे ‘मोठ्या फुलांची’.

प्रोटिएसी कुल महाराष्ट्रातील वाचकाला वाटते तितके परके नाही. रस्त्यांच्या कडेला, शाळा-महाविद्यालयांच्या आवारात आणि दक्षिण भारतातील चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला जाणारा सिल्व्हर ओक हा पूर्व ऑस्ट्रेलियातून आलेला याच कुलातील वृक्ष आहे. त्याच्या सोनेरी फुलोऱ्यांची घडण पाहिली असता बँक्सियाशी असलेले नाते ध्यानात येते. मॅकाडेमिया हे कवचफळही याच कुलातले.

वर्णन

अनुकूल ठिकाणी हे झुडूप सुमारे ६ मीटर उंचीपर्यंत वाढते. समुद्रकाठच्या कड्यांवर किंवा वाऱ्याच्या माऱ्यात मात्र ते जेमतेम निम्मी उंची गाठते. पाने साधी, रेखीय, ९ ते २० मिलिमीटर लांब आणि केवळ १ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात. ती फांद्यांवर दाटीने येतात. पानाच्या टोकाशी बहुधा दोन अगदी लहान दाते असतात. कोवळी पालवी फिकट हिरवी असून तिचा स्पर्श पाहणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा मऊ असतो.

ज्याला सामान्यतः ‘फूल’ म्हटले जाते तो वस्तुतः फुलोरा असतो. ७ ते २२ सेंटिमीटर लांबीच्या उभ्या, काष्ठमय अक्षावर शेकडो लहान फुले खेटून बसलेली असतात. प्रत्येक फुलात चार परिदले जुळून झालेली एक नळी आणि तिच्यातून बाहेर येणारा एकच लांब, तारेसारखा किंजल असतो. कळी मिटलेली असताना किंजलाचे टोक परिदलांत अडकून राहते आणि किंजल मधल्या भागात वाकून बाहेर फुगतो. फूल उमलताना तो सुटतो, पण सरळ होत नाही. त्याचे टोक आकड्यासारखे वळलेलेच राहते, आणि हा आकडा जातीच्या ओळखीची एक खूण आहे. फुलोऱ्याचा रंग मुख्यतः या किंजलांमुळे येतो. तो सोनेरी, नारिंगी, तांबूस किंवा गडद मद्यासारखा असू शकतो. बहर साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट या काळात, म्हणजे दक्षिण गोलार्धातील शरद ऋतूत व हिवाळ्यात असतो.

फुलोऱ्यातील बहुतेक फुलांना फळ धरत नाही आणि कित्येक फुलोरे तर पूर्णपणे वांझ राहतात. ज्यांना फळे धरतात त्यांवर कठीण, काष्ठमय पेटिकाफळे येतात. वाळलेली फुले त्यांच्या भोवती करड्या केसांसारखी चिकटून राहतात. असे जुने, सुकलेले कणिश वर्षानुवर्षे फांदीवर टिकते. उघडी पेटिकाफळे डोळ्या-तोंडांसारखी दिसतात. ऑस्ट्रेलियन बालसाहित्यकार मे गिब्ज यांच्या १९१८ च्या ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’ या पुस्तकातील दुष्ट ‘बँक्सिया मेन’ ही पात्रे बँक्सियाच्या अशाच कणिशांवरून सुचलेली आहेत.

प्रसार व अधिवास

सिडनीच्या परिसरातील वालुकाश्माचे पठार, ब्लू माउंटन्स आणि दक्षिणेला जर्व्हिस बेपर्यंतचा किनारा हा या जातीचा मुख्य प्रदेश आहे. मॅक्रांथा ही उपजाती तेथून बरीच उत्तरेला, क्वीन्सलंडच्या सीमेपर्यंतच्या किनारपट्टीवर आढळते. दोन्ही ठिकाणची जमीन वालुकामय व अतिशय निकस असते. हीथ या नावाने ओळखले जाणारे दाट झुडपांचे माळ, उघड्या वनांचा खालचा थर आणि ओलसर दलदलीच्या कडा येथे ती वाढते. काही ठिकाणी तिचे गर्द, एकाच उंचीचे जाळे बनते.

येथील जमिनीत फॉस्फरस अत्यल्प असतो. बँक्सिया व तिच्या कुलातील इतर वनस्पतींना भूपृष्ठालगत बारीक मुळांचे दाट झुपके येतात. ही मुळे सेंद्रिय आम्ले सोडतात आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला फॉस्फरस मोकळा करून शोषून घेतात. ही क्षमता इतकी प्रभावी आहे की बागेतील नेहमीच्या खतातील फॉस्फेट या झाडांना विषासारखे ठरते.

मकरंद आणि परागण

हिवाळ्यात जेव्हा हीथमधील बहुतेक झुडपांचा बहर संपलेला असतो, तेव्हा बँक्सिया एरिसिफोलियाचे फुलोरे भरात असतात. त्यामुळे तिचा मकरंद अनेक प्राण्यांना आधार देतो. न्यू हॉलंड हनीइटर, ईस्टर्न स्पाइनबिल, रेड वॉटलबर्ड आणि लिटल वॉटलबर्ड हे पक्षी तिचे नेहमीचे पाहुणे आहेत. हे सर्व हनीइटर कुलातील असून लांब चोच व कुंचल्यासारखे टोक असलेली जीभ ही त्यांची वैशिष्ट्ये आहेत. भारतातील शिंजीर या पक्ष्यांशी त्यांचे जवळचे नाते नाही. तरी फुलांशी त्यांचा व्यवहार बराचसा तसाच आहे. रात्री याच फुलोऱ्यांवर ईस्टर्न पिग्मी पॉसम, शुगर ग्लायडर आणि अँटेकायनस हे छोटे शिशुधान प्राणी येतात. युरोपातून आणलेल्या मधमाश्याही गर्दी करतात. मात्र त्या आकाराने लहान असल्याने अनेकदा किंजलाच्या टोकाला न शिवताच मकरंद घेऊन जातात.

परागणाची पद्धत प्रोटिएसी कुलाला साजेशी आहे. कळी उमलण्यापूर्वीच परागकोश आपले पराग किंजलाच्या टोकावर ठेवतात. फूल उमलले की तेच टोक पक्ष्याच्या कपाळाला किंवा प्राण्याच्या तोंडावरील केसांना पराग लावते. त्या फुलाचा स्वतःचा किंजल्क नंतर काही काळाने परागग्रहणास योग्य होतो, आणि तोवर त्यावरील बहुतेक पराग दुसरीकडे गेलेले असतात.

खाद्य मकरंद

आग्नेय ऑस्ट्रेलियातील आदिवासी बँक्सियाचे फुलोरे हाताने निपटून बोटे चाटत, किंवा फुलोरा थेट तोंडाने चोखत. दुसरी रीत अधिक सावकाशीची होती: कुलामन नावाच्या लाकडी अथवा सालीच्या पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात फुलोरे रात्रभर भिजत ठेवायचे आणि सकाळी ते गोड पाणी प्यायचे. पहाटेच्या दवाने मकरंद आधीच सैल झालेला असल्यामुळे सकाळची वेळ त्यासाठी सोयीची असते. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील नूंगार लोक तेथील बँक्सिया जातींपासून असेच पेय बनवत आणि कधीकधी ते आंबवतही असत. वसाहतीच्या आरंभीच्या काळात युरोपीय रहिवाशांनी बँक्सियाच्या मकरंदाचा पाक घसा बसणे व सर्दी यांवर घेतल्याचे उल्लेख मिळतात. वाळलेली कणिशे मंद जळत राहतात, म्हणून विस्तव एका जागेवरून दुसरीकडे नेण्यासाठी आदिवासी त्यांचा वापर करत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एका जातीचा मकरंद खाद्य असला म्हणजे तिच्या कुलातील सर्वच फुले चोखण्यास सुरक्षित असतात असे नाही. ग्रेव्हिलिया प्रजातीतील काही जातींत सायनाइड निर्माण करणारी संयुगे असतात. भारतात सर्वत्र दिसणारा सिल्व्हर ओक याच प्रजातीतला असून त्याच्या फुलांत व फळांत हायड्रोजन सायनाइड आढळते. त्यामुळे वरील वर्णन वाचून त्याच्यावर प्रयोग करू नये. न्यू साउथ वेल्समधील राष्ट्रीय उद्यानांत कोणतीही फुले तोडण्यास मनाई आहे.

वणवा आणि पुनरुत्पादन

ऑस्ट्रेलियातील हीथ हा जळणारा प्रदेश आहे, आणि तेथील वनस्पतींनी आगीला तोंड देण्याचे दोन मुख्य मार्ग धरलेले दिसतात. बँक्सिया एरिसिफोलियाच्या शेजारीच वाढणारी बँक्सिया स्पिनुलोसा ही जाती बहुतांशी पहिल्या मार्गाने जाते. तिच्या बुंध्याशी जमिनीलगत एक काष्ठमय गाठ असते आणि वरचा भाग जळाला तरी या गाठीतून नवे धुमारे फुटतात. बँक्सिया एरिसिफोलियाला अशी गाठ नाही. तिची सालही पातळ आहे. आग लागली की झुडूप संपूर्ण मरते. तिची सारी भिस्त बियांवर असते.

या बिया जमिनीत नसतात. त्या झाडावरच, मिटलेल्या पेटिकाफळांत, वर्षानुवर्षे साठवलेल्या असतात. पेटिकाफळाच्या दोन झडपा राळेसारख्या द्रव्याने घट्ट बंद असतात. आगीच्या उष्णतेने हे द्रव्य वितळते आणि झडपा उघडतात. तरीही बी लगेच पडत नाही. आत दोन बियांच्या मध्ये एक काष्ठमय पडदा असतो. तो पावसाने ओला होऊन व उन्हाने वाळून हळूहळू बाहेर सरकतो आणि बियांना आपल्याबरोबर ओढून आणतो. परिणामी निखारे विझून पाऊस पडू लागल्यावरच बिया जमिनीवर येतात. जमीन तेव्हा मोकळी असते, सावली नसते आणि राखेतील पोषकद्रव्ये उपलब्ध असतात. आर. ए. ब्रॅडस्टॉक आणि पी. जे. मायर्सकफ यांनी या जातीतील बीजमोचन व रोपांची उगवण यांवर केलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हीथच्या व्यवस्थापनात बँक्सिया एरिसिफोलिया पुढे एक निर्देशक जाती मानली जाऊ लागली.

बियांना पंख असले तरी त्या फार दूर जात नाहीत. काही उंदीरवर्गीय प्राणी खातात, काही रोपे चरली जातात, काही पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात सुकतात. उरलेली रोपे वाढतात, पण निकस जमिनीत ती वाढ मंद असते. पहिले फुलोरे येण्यास काही वर्षे लागतात, आणि झाडांवर पुरेशा बिया साठण्यास त्याहून अधिक. जमिनीत जुन्या बियांचा राखीव साठा नसल्याने या काळात त्या जागेवरील संपूर्ण पिढी निराधार असते. बिया धरण्यापूर्वी दुसरा वणवा आला तर आईबापही नाहीत आणि बियाही नाहीत अशी स्थिती होते. वारंवार जळणाऱ्या काही ठिकाणांहून ही जाती अशाच रीतीने नाहीशी झाली आहे. उलट दीर्घकाळ न जळलेल्या जुन्या झुडपावर हजारो बिया साठलेल्या असू शकतात.

मग वणवा लागूच द्यायचा नाही, हा उपाय ठरतो का? तसेही नाही. अनेक दशके आग न लागल्यास बँक्सिया एरिसिफोलियाचे जाळे इतके दाट होते की तिच्या सावलीत हीथमधील ठेंगण्या वनस्पती दबून जातात आणि त्या जागेवरील विविधता घटते. म्हणजे शेजाऱ्यांना अधूनमधून आगीची गरज असते आणि तिला स्वतःला आगींमध्ये पुरेशी उसंत हवी असते. न्यू साउथ वेल्समध्ये हीथसाठी दोन वणव्यांमधील अंतर ७ ते ३० वर्षांच्या दरम्यान असावे अशी मार्गदर्शक मर्यादा वापरली जाते, ती या दोन्ही गरजा लक्षात घेऊन.

प्रत्यक्षात हे अंतर पाळणे कठीण जाते. सिडनीची उपनगरे हीथला अगदी खेटून आहेत. घरांजवळ सुका पाला साचू नये म्हणून नियंत्रित आग लावली जाते, आणि ती जितकी वारंवार लावावी तितकी घरे सुरक्षित, पण बँक्सिया धोक्यात. नैसर्गिक वणवे तर वेळापत्रक पाळत नाहीत. सिडनीच्या दक्षिणेला १८७९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल नॅशनल पार्कचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जानेवारी १९९४ मध्ये जळाला आणि त्यातील बराच भाग २००१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या वणव्यांत पुन्हा जळाला. मध्ये गेलेली आठ वर्षे या जातीच्या दृष्टीने जेमतेम पुरेशी होती. २०१९-२० च्या उन्हाळ्यातील भीषण वणव्यांत ग्रेटर ब्लू माउंटन्स या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग होरपळला. एवढे क्षेत्र एकाच वेळी जळाले की सर्वत्र एकाच वयाची रोपे उभी राहतात, आणि त्यांना बिया धरेपर्यंत तो सगळा टापू दुसऱ्या आगीसमोर उघडा पडतो. तापमानवाढीमुळे वणव्याला पोषक असे उष्ण, कोरडे दिवस वाढत असल्याने हा धोका अधिक गंभीर झाला आहे. मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्यांनाही मोठ्या वणव्यानंतर अनेक हिवाळे या फुलोऱ्यांवाचून काढावे लागतात.

रोग व कीटक

फायटॉप्थोरा सिनामोमी हा मुळे कुजवणारा, मातीतून पसरणारा सूक्ष्मजीव नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील बँक्सिया जातींचा मोठा शत्रू आहे. बँक्सिया एरिसिफोलिया पूर्वेकडील इतर जातींप्रमाणेच त्याला तुलनेने चांगली तोंड देते. कणिशांत किड्यांच्या अळ्या शिरून बिया खातात, आणि त्या अळ्यांसाठी पिवळ्या शेपटीचे काळे काकाकुवे बँक्सियाची कणिशे चोचीने फोडताना दिसतात.

लागवड

ऑस्ट्रेलियातील बागांत ही जाती लोकप्रिय आहे. कुंपणासाठी, आडोशासाठी आणि पक्षी यावेत म्हणून ती लावली जाते. पाण्याचा निचरा होणारी वालुकामय जमीन व भरपूर ऊन तिला मानवते. अभिवृद्धी बियांपासून किंवा छाट कलमांनी होते. बिया मिळवण्यासाठी बंद कणिशे भट्टीत तापवून पेटिकाफळे उघडावी लागतात. छाटणी सोसते, परंतु ती हिरव्या पानांच्या भागापर्यंतच करावी. जुन्या, निष्पर्ण लाकडातून फूट येण्याची शक्यता कमी असते. खत द्यायचेच असल्यास फॉस्फरस कमी असलेले निवडावे लागते.

बागकामासाठी तिचे अनेक वाण तयार करण्यात आले आहेत. त्यांपैकी ‘जायंट कँडल्स’ हा सर्वांत प्रसिद्ध. तो बँक्सिया एरिसिफोलिया आणि बँक्सिया स्पिनुलोसा यांचा संकर असून त्याचे नारिंगी फुलोरे सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत लांब होतात. लहान बागांसाठी ‘लिटल एरिक’ हा ठेंगणा वाण वापरला जातो.